पक्षाचा माणूस, स्वतःचं डोकं

नागपूरचा आहे म्हटलं की पुण्या-मुंबईचा माणूस लगेच हिशेब मांडून मोकळा होतो. संघाचं गाव, म्हणजे हा तिकडचाच. दुसरा कोणी दीक्षाभूमी आठवतो आणि उलटा हिशेब मांडतो. दोघांनाही मी या शहराच्या खासदारांची यादी ऐकवतो. संघाची स्थापना इथे 1925 च्या विजयादशमीला झाली, आणि भाजपचा पहिला खासदार नागपूरने निवडून दिला 1996 मध्ये. तेही कोण, तर बनवारीलाल पुरोहित, जे 1984 आणि 1989 ला याच शहरातून काँग्रेसचे खासदार झाले होते. 1977 ला आणीबाणीच्या रागात उत्तर भारतात काँग्रेस भुईसपाट झाली, तेव्हा नागपूरने काँग्रेसचाच माणूस दिल्लीला पाठवला. जांबुवंतराव धोटे 1971 ला फॉरवर्ड ब्लॉकचे म्हणून निवडून आले आणि 1980 ला इंदिरा काँग्रेसचे म्हणून. 1998 पासून सलग चार वेळा विलास मुत्तेमवार, 2014 पासून नितीन गडकरी. आता सांगा, हे गाव कोणाचं?

समोरचा हसतो आणि खरा प्रश्न टाकतो. ‘‘ते जाऊ द्या. तुम्ही कोणाकडून?’’

मी एका पक्षाचा आहे. कॉलेजात असल्यापासूनचा. त्याचं नाव या लेखात येणार नाही. लपवण्यासारखं त्यात काही नाही. आमच्या लाइनीतल्या पोराटोरांनाही ते माहीत आहे. पण नाव कळलं की वाचणारा वाचायचं थांबवतो आणि मोजायला लागतो, म्हणजे आपल्या बाजूने किती, विरुद्ध किती. आताही काही जण अंदाज बांधतच असतील. बांधा. वर यादीत जिथे जिथे मी थोडा रेंगाळलो असं वाटलं, तिथे बोट ठेवून बघा, जमतं का.

निवडणुकीच्या दिवशी आमचं काम टेबलावरचं. मतदान केंद्रापासून ठरलेल्या अंतरावर (2024 ला ते 200 मीटर होतं), एक टेबल, दोन खुर्च्या, वर कापड. नियमात एवढंच बसतं. समोरच्या फुटपाथवर दुसऱ्या पक्षाचं तसंच टेबल. 2024 ची लोकसभा इथे 19 एप्रिलला झाली. ते ऊन नागपूरकराला सांगायला नको. मतदान 54 टक्क्यांच्या आसपास झालं, म्हणजे जवळजवळ अर्धं शहर कूलरसमोरून हललं नाही. आम्ही मतदाराला चिठ्ठी द्यायची: भाग क्रमांक, अनुक्रमांक, नाव. कोरा पांढरा कागद, त्यावर ना चिन्ह ना उमेदवार. दुपारी एक म्हातारे गृहस्थ आले. आमच्या यादीत नाव सापडेना. माझ्यासोबतचा पोरगा त्यांना ‘‘नाही आहे काकाजी’’ म्हणणार, तेवढ्यात समोरच्या टेबलावरून आवाज आला, ‘‘इकडं पाठव, पुरवणी यादी आमच्याकडं आहे!’’ काकाजी रस्ता ओलांडून गेले, त्यांचं नाव सापडलं, चिठ्ठी मिळाली. ते आमचं मत होतं, हे त्या टेबलावरच्यालाही ठाऊक होतं. तो त्यांना लहानपणापासून ओळखतो. संध्याकाळी मी त्याला म्हटलं, ‘‘का बे, आमचं मत तूच शोधून दिलं?’’ तो म्हणाला, ‘‘मग काय उन्हात परत पाठवू का त्याईले?’’ दुसऱ्या दिवशी हाच माणूस फेसबुकवर आमच्या पक्षाला देशद्रोही लिहीत होता. दोन्ही खरंच. माणसाला आत दोन-तीन खोल्या असतात आणि कोणती उघडायची हे समोर कोण आहे त्यावर ठरतं.

स्वतंत्र विचार म्हटला की लोकांना पक्षाबाहेरचा माणूस आठवतो. सकाळी अंबाझरीला फिरायला येणारा, ‘‘आपल्याले राजकारणात काही घेणं नाही बा, सगळे सारखेच’’ म्हणणारा. माझं त्याच्याशी फारसं पटत नाही. त्याचं स्वातंत्र्य फुकटचं आहे. त्याने कोणाच्या दारात जाऊन मत मागितलं नाही, त्यामुळे त्या दाराशी परत जाऊन ‘‘आमचं चुकलं’’ म्हणायची पाळी त्याच्यावर येत नाही. वीस वर्षांचे मित्र ज्या खोलीत बसलेत, त्या खोलीत उठून ‘‘हे मला मान्य नाही’’ म्हणायला काय पडतं, हे त्याला कसं कळावं? मोकळ्या मनाची परीक्षा जिथे काही गमवायचं असतं तिथेच होते. म्हणून मी ती माणसं पक्षांच्या आतच शोधत आलो, आणि विदर्भात ती सापडतात.

सगळ्यात आधी बापूजी अणे. यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीचे, शिक्षण नागपूरच्या मॉरिस कॉलेजात, वकिली यवतमाळला. टिळकांचे पक्के अनुयायी. टिळकांमागे गांधींचं युग आलं तेव्हा अणे काँग्रेसमध्येच राहिले, पण गांधींचं सगळंच त्यांनी डोळे मिटून स्वीकारलं नाही. मात्र 1930 ला सत्याग्रहाची हाक आली तेव्हा, आमच्याकडे समुद्र नाही तर जंगल तर आहे, असं म्हणत वऱ्हाडने जंगल सत्याग्रह केला आणि अणे त्यात पुढे राहून तुरुंगात गेले. (त्याच सत्याग्रहात यवतमाळला डॉ. हेडगेवारही पकडले गेले. आजच्या पोरांना हे सांगितलं की दोन्हीकडची पोरं माझ्याकडे संशयाने बघतात.) 1933 ला अणे काँग्रेसचे कार्यकारी अध्यक्ष होते. आणि पुढच्याच वर्षी जातीय निवाड्यावर, म्हणजे वेगवेगळ्या समाजांना वेगळे मतदारसंघ देणाऱ्या इंग्रजांच्या निर्णयावर, काँग्रेसने ‘ना स्वीकार, ना नकार’ अशी भूमिका घेतली, तेव्हा मदनमोहन मालवीयांसोबत ते बाहेर पडले आणि काँग्रेस नॅशनलिस्ट पक्ष काढला. नावात काँग्रेस ठेवून.

त्याहून अवघड पुढचं आहे. 1941 ला अणे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. ज्याने इंग्रजांच्या तुरुंगाची हवा खाल्ली, तोच इंग्रजांच्या मंत्रिमंडळात. यवतमाळला तेव्हा ओट्या-ओट्यावर काय बोललं गेलं असेल याची कल्पना मला करता येते, कारण तसलं बोलणं मी आजही ऐकतो. ‘विकला गेला’ हे आपल्याकडचं सर्वांत स्वस्त वाक्य. पुढे फेब्रुवारी 1943 मध्ये आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असलेल्या गांधींनी 21 दिवसांचा उपास सुरू केला. त्यांना बिनशर्त सोडायला सरकार तयार नव्हतं. अणे, होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार या तिघांनी राजीनामे दिले. ज्या गांधींशी आयुष्यभर मतभेद, त्यांच्या जिवासाठी दिल्लीतली खुर्ची सोडली. नंतर ते बिहारचे राज्यपाल झाले, आणि 1962 ला वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, वेगळ्या विदर्भाच्या मागणीवर, अपक्ष म्हणून नागपूरचे खासदार.

या माणसाला कोणत्या खान्यात टाकाल? मी त्यांच्या प्रत्येक निर्णयाशी सहमत नाही. व्हाइसरॉयच्या मंडळात जाणं मला आजही पटत नाही. पण त्यांच्या चरित्रात मला एक गोष्ट ठळक दिसते. कुठवर जायचं आणि कुठे थांबायचं, हे त्यांचं आधीच ठरलेलं असावं. प्रसंग आल्यावर ते शोधत बसले नाहीत. आपलं उलटं होतं. प्रसंग आला की आधी आपण कारण शोधतो, आणि ज्याला कारण शोधायचं असतं त्याला ते सापडतंच.

नागपूरच्या मांडवांनीही असे प्रसंग पाहिलेत. डिसेंबर 1920 चं काँग्रेस अधिवेशन इथे भरलं. चित्तरंजन दास असहकाराला विरोध करायच्या तयारीने बंगालमधून स्वतःच्या खर्चाने प्रतिनिधींचा मोठा जथा घेऊन आले, आणि अखेर असहकाराचा मुख्य ठराव त्यांनीच मांडला. मन बदललं की बदलवलं गेलं, यावर इतिहासकारांना भांडू द्या. दोनच वर्षांनी दास स्वतः अध्यक्ष असलेल्या गया अधिवेशनात कौन्सिल प्रवेशाच्या, म्हणजे निवडणूक लढवून कायदेमंडळात जायच्या प्रश्नावर हरले, अध्यक्षपद सोडलं आणि काँग्रेसच्या आतच स्वराज्य पक्ष उभा केला. नागपूरच्या त्याच मांडवात जिना ठरावाविरुद्ध बोलायला उभे राहिले. ‘मिस्टर गांधी’ म्हणाले म्हणून लोकांनी आरडाओरडा केला: महात्मा म्हणा! ते म्हणाले नाहीत, आणि त्यानंतर काँग्रेसमध्ये राहिलेही नाहीत. पुढे जिनांनी जे केलं त्याचा हिशेब वेगळा. पण त्या दिवशी मांडवाने त्यांच्या मुद्द्याला उत्तर दिलं नव्हतं, फक्त आवाज चढवला होता. आमच्या बैठकांमध्ये कोणी ‘साहेब’ न म्हणता नेत्याचं नुसतं आडनाव घेतलं की जी शांतता पसरते, ती मला त्याच घराण्यातली वाटते.

जानेवारी 1959 ला पुन्हा नागपूर, पुन्हा काँग्रेस. नेहरूंचा सहकारी शेतीचा ठराव. नेहरू तेव्हा कोण होते हे सांगायला नको. त्यांच्यासमोर उभं राहून ‘हा ठराव शेतकऱ्याच्या मुळावर येईल’ असं भर अधिवेशनात मांडलं उत्तर प्रदेशचे मंत्री चरणसिंग यांनी. ठराव मंजूर झालाच. चरणसिंग त्याच वर्षी मंत्रिपदावरून गेले. पण काँग्रेस सोडली नाही, ती सोडली थेट 1967 ला. आणि तो ठराव? कागदावरच राहिला. शेतीतलं मला विशेष कळत नाही, पण एवढं कळतं की विरोधकांनी हेच म्हटलं असतं तर नेहरूंनी ते कोपऱ्यात सारलं असतं. घरातल्याने म्हटलं म्हणून उठून उत्तर द्यावं लागलं.

बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 च्या संविधान सभेतल्या भाषणात राजकारणातल्या भक्तीबद्दल इशारा दिला होता: धर्मात भक्ती मुक्तीकडे नेत असेल, राजकारणात ती अधोगतीकडे आणि हुकूमशाहीकडे नेते. हे वाक्य आता सगळ्या पक्षांचे लोक फॉरवर्ड करतात, आणि नेहमी समोरच्याला. मला त्यांच्याबद्दलची दुसरी एक गोष्ट जास्त जवळची वाटते, जी भंडाऱ्याकडचे जुने कार्यकर्ते सांगतात. 1954 च्या पोटनिवडणुकीत भंडारा मतदारसंघ दोन जागांचा होता; मतदाराला दोन मतं. कार्यकर्त्यांनी सुचवलं की आपल्या लोकांनी एकच मत बाबासाहेबांना द्यावं आणि दुसरं वाया घालवावं, म्हणजे दुसऱ्यांची बेरीज वाढणार नाही. बाबासाहेब तयार झाले नाहीत. निवडणूक हरले. आज असा सल्ला कोणी नाकारला तर त्याच्याच पक्षातले लोक त्याला भोळा म्हणतील. भोळा हा तरी बरा शब्द झाला.

आमदारांचं बोलायचं तर त्यांना आता न बोलायला कायदेशीर कारण आहे. 1967 च्या आयाराम-गयारामनंतर अठरा वर्षांनी, 1985 ला पक्षांतरबंदी कायदा आला. हेतू चांगला होता, बाजार थांबवायचा. पण पक्षादेश मोडून मत दिलं तर आमदारकी जाते. म्हणजे एकट्याने प्रामाणिकपणे विरोधात मत दिलं तर घरी, आणि दोन तृतीयांश मिळून दुसऱ्या पक्षात विलीन झाले तर सुरक्षित. 2003 ला एक तृतीयांशांच्या फुटीची सूट काढली, तेवढी सुधारणा झाली. चरणसिंगांनी 1959 ला केलं ते पक्षाच्या अधिवेशनात होतं. सभागृहात आज कोणी तसं मत टाकून दाखवावं. हिवाळी अधिवेशनाला आमदार नागपुरात येतात तेव्हा त्यातले काही खासगीत फार सुंदर बोलतात. सिव्हिल लाइन्सच्या हवेत काय असतं कोण जाणे. मुंबईचं विमान पकडलं की गप्प.

आणि कार्यकर्त्याची निष्ठा तरी कशावर? गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात हा प्रश्न वेगळ्याच पद्धतीने विचारला गेला. निवडणूक आयोगाने फेब्रुवारी 2023 मध्ये शिवसेनेचं नाव आणि धनुष्यबाण एका गटाला दिला, फेब्रुवारी 2024 मध्ये राष्ट्रवादीचं नाव आणि घड्याळ एका गटाला. ज्यांनी तीस-तीस वर्षं भिंती रंगवल्या, त्यांना एका सकाळी ठरवावं लागलं की आपली निष्ठा चिन्हावर, नेत्यावर, की अजून कशावर. चौकाचौकात ‘निष्ठावंत’ असे बॅनर लागले, दोन्ही गटांचे, कधी एकाच खांबावर खाली-वर. रिपब्लिकन पक्ष तर 3 ऑक्टोबर 1957 ला नागपुरातच स्थापन झाला. त्याचे किती गट झाले हे इथल्या इंदोरा वस्तीतला जुना कार्यकर्ता बोटावर मोजायला लागतो आणि मध्येच हसून सोडून देतो. तो मात्र दर 14 ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर पाणी वाटायला असतो. गट कोणताही असो.

आता आमच्या वॉर्डातली बैठक. समाजभवनात सतरंजी, समोर चार प्लास्टिकच्या खुर्च्या, समोसे आलेले पण वाटायचे राहिलेले. पदाधिकारी विकासकामं वाचून दाखवत होते. त्यात आमच्या भागातला सिमेंट रोड. मागे बसलेल्या एक ताई उठल्या. वस्तीत त्यांच्याइतकी दारं कोणी ठोठावली नसतील, पद मात्र कधी मिळालं नाही. त्यांनी मोबाइल पुढे केला. फोटोत त्यांचं स्वयंपाकघर: फ्रिज विटांवर चढवलेला, सिलिंडर तरंगून भिंतीला टेकलेलं, ओट्याच्या फरशीवर गाळाची रेघ. रस्ता घराच्या पायरीपेक्षा वर आला होता आणि पहिल्याच मोठ्या पावसात पाणी उताराने सरळ दारात. ‘‘याची उंची कोणी ठरवली, ते सांगा,’’ त्या म्हणाल्या.

पदाधिकारी गोरेमोरे झाले. ‘‘ताई, हा विषय इथं नको काढू. बाहेर लोकं ऐकून राहिले. विरोधकाईले आयतं कोलीत.’’

‘‘विरोधकाईच्या घरात बी तेच पाणी शिरून राहिलं ना भाऊ.’’

कोणीतरी हसलं. कोणीतरी ‘पुढचा विषय’ म्हणालं. मी आणि आणखी दोघं-तिघं त्यांच्या बाजूने बोललो. बाकीचे समोशांकडे बघत राहिले. बैठक संपल्यावर त्याच बाकीच्यांपैकी तिघांनी मला पार्किंगमध्ये गाठून सांगितलं, ताईचं बरोबर होतं. पार्किंगमध्ये आमचा पक्ष फार लोकशाहीवादी आहे.

पुढे रस्ता काही खाली गेला नाही, पण कडेने नाली झाली. ताईंना त्या वर्षीही महिला आघाडीत घेतलं नाही. निवडणुकीत त्या टेबलावर होत्या, ऊन डोक्यावर घेत, पदराखाली याद्या धरून. मी विचारलं, ‘‘राग नाही आला?’’ म्हणाल्या, ‘‘राग त्या इंजिनिअरचा आला. पक्ष काय त्याच्या बापाचा आहे?’’

त्यांचं बघून मी माझ्यापुरतं एक केलं. अण्यांकडून शिकलो म्हणा. शांत डोक्याने, निवडणूक जवळ नसताना, काही गोष्टी लिहून ठेवल्या, ज्या झाल्या तर मी पक्षात राहणार नाही. सगळ्या सांगत नाही, एक सांगतो. कोण कोणाला मत देतो हे बघून एखाद्याचं नाव यादीतून उडवायला मला नमुना 7 भरायला सांगितला, तर त्या दिवशी मी टेबलावरून उठेन. आजवर कोणी सांगितलेलं नाही. सांगितलंच, तर माझ्याकडे तेव्हा उत्तम कारणं असतील हे मला माहीत आहे: समोरचे पण तेच करतात, एवढी एक निवडणूक, नंतर बघू. म्हणून आधीच लिहून ठेवलं. आणि त्याच्या अलीकडचं जे काही आहे, चुकीचा उमेदवार, फसलेलं धोरण, नेत्याची बाष्कळ बडबड, त्यासाठी मी आत राहून भांडेन. बाहेर पडून सभ्य वाटून घेण्यात मला रस नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, आमच्याकडे मारबत निघते, म्हणजे वाईटाला गावाबाहेर घालवायच्या पुतळ्यांची मिरवणूक. काळी आणि पिवळी, सव्वाशे वर्षांहून जुनी परंपरा. काळी म्हणजे इंग्रजांना मिळालेली नागपूरच्या भोसले राजघराण्यातली बांकाबाई, असं लोक सांगतात. पक्ष बदलल्याची एवढी लांब शिक्षा दुसऱ्या कोणाला झाली नसेल. पिवळी जागनाथ बुधवारीतून निघते, इतवारीत गर्दीला पाय ठेवायला जागा नसते, आणि मागून येतात बडगे, म्हणजे टवाळीचे पुतळे: महागाईचे, खड्ड्यांचे, भ्रष्टाचाराचे, त्या वर्षी ज्याने जनतेला छळलं त्याचे. सत्ता कोणाचीही असो, बडगा सुटत नाही. ‘घेऊन जा गे मारबत’ ओरडताना शेजारच्याचा झेंडा कोणता, हे कोणी विचारत नाही.

यंदा आमच्या वस्तीतल्या पोरांनी सिमेंट रोडचा बडगा करायचं ठरवलं आणि पावतीबुक घेऊन दारोदार आले. आमच्याच पक्षाचे एक जुने गृहस्थ, ते पार्किंगवाले, खुशीत पाचशे रुपये काढून म्हणाले, ‘‘मस्त करा. पण पावतीवर नाव नको, ‘एक हितचिंतक’ लिहा.’’ पोरं पुढे ताईंच्या दारात गेली. ताईंनी पन्नास रुपये दिले. पोरगा सवयीने म्हणाला, ‘‘हितचिंतक लिहू का काकू?’’

‘‘कायले? नाव लिही. पूर्ण. खाली वॉर्ड लिही, पक्षाचं नाव बी लिही. आणि बडगा जरा उंच करजो, आमच्या रोडपेक्षा.’’